गळक्या इंजिनाची क्रियापदे

परभाषेतून आलेल्या शब्दांचा अभ्यास आपल्याकडे बहुतांशी नामांचा अभ्यास झाला आहे. टेबल, स्टेशन, कोर्ट, डॉक्टर अशा शब्दांच्या याद्या करावयाच्या, त्यांचे लिंग, वचन व सामान्यरूप कसे ठरले ते पाहावयाचे, आणि त्यावरून इंग्रजीच्या प्रभावाचे अनुमान बांधावयाचे, ही पद्धत आता चांगली रुळली आहे. तीत चूक काही नाही. आइनार हाउगेन यांनी १९५० साली आणि उरिएल वाइनराइख यांनी १९५३ साली भाषासंपर्काची जी चिकित्सा केली, तीतही उसनवारीत नामांचा वाटा सर्वांत मोठा असतो हे गृहीत आहे. वस्तू नवी आली की तिच्याबरोबर तिचे नाव येते, यात नवल ते काय? परंतु याद्या करण्याच्या या सवयीचा एक विपरीत परिणाम होतो. ज्या व्यवसायात वस्तूंची नावे जवळजवळ सगळीच इंग्रजी आहेत, त्या व्यवसायाची भाषा मराठी उरलेलीच नाही असा समज सहज पसरतो. मोटारसायकलीची दुरुस्ती हा अशांपैकीच एक व्यवसाय होय. पिस्टन, रिंग, क्रँक, वॉल्व्ह, क्लच, बेरिंग, गॅस्केट: यादी कितीही लांबविली तरी तीत मराठी शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतील.

प्रस्तुत लेखात या व्यवसायातील एकाच कामाचा, म्हणजे जुन्या गळक्या इंजिनाच्या पुनर्बांधणीचा, भाषेच्या अंगाने विचार केला आहे. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव आणि आर्वी येथील गॅरेजांत वेळोवेळी बसून ऐकलेल्या बोलण्यावर तो आधारलेला आहे. म्हणणे थोडक्यात असे की, भागांची नावे परकी असली तरी दोषाचे निदान क्रियापदांनी होते. ही क्रियापदे मराठी आहेत. आणि त्या क्रियापदांचा कर्ता कोण यावर दोष कोठे शोधावयाचा हे पुष्कळ अंशी ठरते. हे समजावून घेण्यासाठी यंत्राची थोडी माहिती अपरिहार्य आहे. भाषेच्या अभ्यासकांनी ती कंटाळा न करता वाचावी.

आधी प्रदेशाविषयी. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. पश्चिमेच्या बाजूस वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावती आणि यवतमाळ, म्हणजे जुना वऱ्हाड. दुसऱ्या बाजूस नागपूर. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी यांचे जे वर्णन आहे, त्या दोहोंचा हा संधिप्रदेश होय. हिंदीचा शेजार तर निकटचा. अनेक मिस्त्री एकाच वाक्यात दोन्ही भाषांतून सहज ये-जा करतात. यंत्राची भाषा मात्र येथे मोटारसायकलीबरोबर आलेली नाही. हा कापसाचा मुलूख. सरकी वेगळी करणारे जिन, गाठी बांधणारे प्रेस, पुलगाव आणि हिंगणघाट येथील कापडगिरण्या यांनी फिटर, बॉयलर, पट्टा, वायसर हे शब्द दुचाकीच्या पुष्कळ आधी रुजविले होते. मागाहून विहिरीवरील डिझेल इंजिन आले. खुद्द 'मिस्त्री' हा शब्द त्याहूनही जुना असून तो पोर्तुगीज 'मेस्त्र' या शब्दापासून आलेला आहे. 'चावी' आणि 'बूच' हे गॅरेजमध्ये रोज ऐकू येणारे शब्दही त्याच वाटेने आले. बुचाचा तर जुन्या इंजिनांत प्रत्यक्ष उपयोगही होता, हे पुढे येईल.

ज्या मोटारसायकलीवर ही भाषा सर्वांत समृद्धपणे ऐकावयास मिळते ती म्हणजे जुनी बुलेट. मद्रासच्या कारखान्यात १९५५ पासून ती तयार होऊ लागली. इंग्लंडमधील मूळ कंपनीचे उत्पादन १९७० च्या सुमारास संपले. परंतु त्याच घाटणीचे ओतीव लोखंडी सिलिंडराचे इंजिन आपल्याकडे २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिले. सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, आकारमान ३४६ घनसेंटिमीटर. हे इंजिन गळते. किंबहुना, ज्याखाली जमिनीवर डाग पडत नाही त्या बुलेटमध्ये ऑइलच नसावे, असा विनोद गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो.

ते का गळते? पहिले कारण धातूंचे आहे. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, तर त्याच्या वरील हेड आणि खालील क्रँककेस अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. इंजिन हवेने थंड होणारे आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात बाहेरील हवाच ४५ अंशांपर्यंत जाते. म्हणून प्रत्येक फेरीत सांध्यांच्या दोन्ही बाजू निरनिराळ्या प्रमाणात सरकतात आणि मधले पॅकिंग हळूहळू मरते. ('पॅकिंग मेले' हा वाक्प्रचार माझा नव्हे, गॅरेजचा आहे.)

दुसरे कारण दाबाचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या वरच्या जागेची वाढ आपल्या ध्यानात येते. परंतु त्याच वेळी त्याच्या खालची, क्रँककेसमधील, जागा तितकीच कमी होते. एकच सिलिंडर असल्याने ही घट भरून काढणारा दुसरा पिस्टन नसतो. ही कोंडलेली हवा बाहेर जावी आणि परत आत येऊ नये यासाठी ब्रीदर नावाची वाट ठेवलेली असते. काही गाड्यांत तीवर बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती वाट चोंदली, किंवा झिजलेल्या रिंगांच्या कडेने जळलेला वायू वरून खाली उतरू लागला, की क्रँककेसमध्ये दाब वाढतो; आणि दाब वाढला की ऑइल जो सांधा सर्वांत दुबळा असेल त्यातून बाहेर येते. म्हणजे ज्या जागी ऑइल दिसते तेथे दोष असेलच असे नाही.

तिसरे कारण बुलेटच्या खास रचनेतले. ऑइलची टाकी याच क्रँककेसच्या ओतकामात, परंतु वेगळ्या कप्प्यात असते. एक पंप त्या कप्प्यातून ऑइल इंजिनास पुरवितो, दुसरा ते गोळा करून परत पाठवितो. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली आणि पंप झिजलेला असला तर ऑइल पंपातून हळूहळू फ्लायव्हीलच्या कप्प्यात उतरते. मग सुरू करताच ब्रीदरमधून ऑइलची चूळ बाहेर पडते, आणि मालक धावत मिस्त्रीकडे येतो. यात एकही गॅस्केट बिघडलेले नसते.

आता क्रियापदे पाहू. इंग्रजीतील एका 'लीक' या शब्दासाठी येथे निदान सहा क्रियापदे वापरात आहेत, आणि ती समानार्थी नाहीत. 'गळणे' म्हणजे ठराविक जागेतून थेंबाने खाली पडणे: नळी, बोल्ट, फुटलेला वायसर. 'ठिबकणे' यात थेंबांमधील अंतर अभिप्रेत आहे. मिनिटाला किती, असे विचारता येते. 'पाझरणे' यात थेंब नाही. सांध्याच्या लांबीभर ओल उमटते. 'झिरपणे' हे पाझरण्याच्या उलट दिशेचे आहे. शेतातील पाणी जमिनीत झिरपते आणि डोंगराच्या कुशीतून पाझरते. पहिले आत जाते, दुसरे बाहेर येते. गॅरेजमध्ये हा भेद जसाच्या तसा टिकलेला आहे. वर सांगितलेले टाकीतून फ्लायव्हीलकडे जाणारे ऑइल झिरपते. रॉकरच्या झाकणाखालून दिसणारे ऑइल पाझरते. 'झिरपले' म्हणणारा मिस्त्री बाहेरून काही पाहत नाही. तो पंपाकडे वळतो. 'ओघळणे' या क्रियापदाचे काम सावध करण्याचे आहे. ओघळलेले ऑइल जेथे दिसते तेथून ते आलेले नसते. उभ्या गाडीवर ओघळ खाली उतरतो, धावत्या गाडीवर वाऱ्याने मागे जातो. म्हणून त्याचे वरचे आणि पुढचे टोक शोधावयाचे. यासाठी इंजिन रॉकेलने धुवून, कोरडे करून, त्यावर शंखजिऱ्याची पूड किंवा चेहऱ्यास लावावयाची पावडर भुरभुरतात आणि गाडी थोडी फिरवून आणतात. पांढऱ्या पुडीवर ओघळाचा उगम लगेच उमटतो. आणि शेवटचे 'साचणे': ऑइल कोठून आले ते ठाऊक नाही, परंतु प्रायमरी चेनच्या कप्प्यात ते असावयास हवे त्याहून अधिक आहे.

या सहाही क्रियापदांत एक गोष्ट समान आहे. ती अकर्मक आहेत आणि त्यांचा कर्ता ऑइल आहे. आता दुसरा गट पाहा. 'इंजिन ऑइल खाते.' 'इंजिन ऑइल फेकते.' येथे क्रियापद सकर्मक झाले. कर्ता इंजिन, आणि ऑइल हे कर्म. दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणापासून (१९११) हा भेद आपणांस परिचित आहे. परंतु येथे तो यंत्रातील भेदाशी जुळतो. 'खाते' म्हणजे ऑइल बाहेर कोठेच दिसत नाही, टाकीत मात्र कमी होते, आणि मागून निळसर धूर निघतो: रिंगा किंवा वॉल्व्हचे गाइड झिजले. 'फेकते' म्हणजे ब्रीदरमधून जोराने बाहेर टाकते: आत दाब वाढला. दोन्ही प्रसंगी दोष सांध्यात नाही, इंजिनाच्या पोटात आहे. ऑइल कर्ता असेल तर पॅकिंग, वायसर, सील यांपैकी काही बदलून भागते. इंजिन कर्ता असेल तर ते खोलावे लागते. मालकाच्या खर्चाच्या दृष्टीने या दोन वाक्यरचनांमधील अंतर फार मोठे आहे, आणि अनुभवी मिस्त्री मालकाच्या तोंडून कोणते क्रियापद निघते इकडे बारकाईने लक्ष देतो.

तिसरीही एक रचना आहे. 'इंजिनाला घाम येतो.' येथे ऑइलचा उल्लेखच नाही आणि इंजिन चतुर्थीत आहे. भूक लागणे, झोप येणे, राग येणे या अनुभवाच्या रचनेत जसा माणूस कर्ता नसतो, तसेच येथे इंजिन. अर्थही तसाच: सांध्यावर ओलसर झाक आहे, धूळ चिकटते, परंतु थेंब नाही. यावर उपाय करावयाचा नसतो. फडक्याने पुसावे आणि चालावे. उपचाराची गरज नसलेल्या दोषासाठी अनुभवदर्शक रचना वापरणे हे मला फार सूचक वाटते. परंतु यावर अधिक भार घालण्याइतकी सामग्री अद्याप हाती नाही.

ही विभागणी फार नेटकी वाटेल, म्हणून तिला न जुमानणारे उदाहरणही येथेच नोंदविले पाहिजे. 'गाडी ऑइल सोडते' हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. कर्ता गाडी, क्रियापद सकर्मक. परंतु दोष बहुधा बाहेरचा. विचारपूस केल्यावर असे दिसले की जागा अद्याप सापडलेली नसते तेव्हा 'सोडते' म्हणतात. जागा सापडली की तोच मिस्त्री 'टायमिंगच्या झाकणातून गळते' असे बोलू लागतो. शिवाय 'सोडते'चा कर्ता बहुधा 'गाडी' असते, 'इंजिन' नसते. तेव्हा हा अपवाद तिसऱ्या प्रकारचा म्हणावा की निदानापूर्वीची अवस्था म्हणावी, याचा निर्णय विद्यार्थ्यांनी अधिक उदाहरणे गोळा करून करावा.

काळाच्या रूपांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. नागपुरी-वऱ्हाडी पट्ट्यात चालू क्रियेसाठी 'करून राहिला' ही रचना वापरतात हे सर्वश्रुत आहे. पुण्याकडील वाचकांस ती हिंदीची छाया वाटते आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती लाल शाईखाली जाते. परंतु गॅरेजमधील एक प्रश्न ऐका: "भाऊ, ऑइल गयते का गयून राह्यलं?" ('ळ' च्या जागी 'य' हे या बोलीचे वैशिष्ट्य.) येथे 'गयते' म्हणजे नेहमीची सवय: रोज सकाळी डाग दिसतो. 'गयून राह्यलं' म्हणजे या क्षणी, डोळ्यांसमोर. पहिले उत्तर आले तर गाडी रात्रभर ठेवून घ्यावी लागते. दुसरे आले तर खाली वाकून पाहता येते. प्रमाण मराठीतील 'गळते' आणि 'गळत आहे' यांतही हा भेद करता येतो. पण बोलण्यात 'गळतंय' हे एकच रूप दोन्हीकडे वापरले जाते. बोलीने येथे भेद अधिक स्पष्ट राखला आहे.

निदान झाले, आणि इंजिन खोलावयाचे ठरले, म्हणजे कामाची क्रियापदे सुरू होतात. क्रम असा: उतरवणे, खोलणे, धुणे, मोजणे, घासणे, बांधणे, चढवणे. इंजिन चौकटीतून उतरवितात आणि शेवटी चौकटीत चढवितात. मधल्या सर्व क्रिया जमिनीवर, पोत्यावर किंवा पत्र्याच्या टेबलावर. 'खोलणे' ही हिंदीची देणगी असून तिने 'उघडणे'ला हाकलून लावलेले नाही. झाकण उघडतात, इंजिन खोलतात. 'बांधणे' हे सर्वांत महत्त्वाचे. इंजिन जोडत नाहीत, बांधतात. जसे घर बांधतात, जशी मोट बांधतात. ज्याला इंजिन खोलता येते तो कारागीर नव्हे. ज्याला बांधता येते तो. हाताखालच्या पोऱ्यास पहिली काही वर्षे खोलण्याचे आणि धुण्याचेच काम मिळते.

कामाच्या व्याप्तीसाठी मात्र इंग्रजी शब्द रूढ आहेत: 'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन'. पहिल्यात हेड, सिलिंडर, पिस्टन आणि वॉल्व्ह. दुसऱ्यात क्रँकसकट सर्व. सिलिंडर झिजतो तो सारखा झिजत नाही. वरच्या बाजूस, जेथे रिंगांची धाव संपते तेथे, झीज अधिक; आणि ती वाटोळी नसून लंबगोल असते. म्हणून नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. लेथवाल्याकडे सिलिंडर मोठा करून घ्यावयाचा आणि मापाहून २०, ४० किंवा ६० सहस्रांश इंचांनी मोठा पिस्टन घालावयाचा. गॅरेजमध्ये हा पिस्टन 'वीसचा', 'चाळीसचा', 'साठचा' म्हणून ओळखला जातो. षष्ठीतील ही संख्याविशेषणे ऐकून एखाद्यास ती किंमत वाटेल. ते माप आहे. 'साठचा बसला' याचा अर्थ या सिलिंडरात आता आणखी वाव उरलेला नाही.

रिंग सिलिंडरात सारून तिच्या दोन टोकांमधील फट मोजतात. वॉल्व्ह आपल्या बैठकीवर पेस्ट लावून घासतात. करड्या रंगाचे अखंड वर्तुळ उमटेपर्यंत. ही दोन्ही कामे गळतीशी थेट संबंधित आहेत, कारण रिंगा नीट नसतील तर दाब खाली उतरणारच आणि मग कोणतेही पॅकिंग टिकणार नाही.

सांध्यांच्या तयारीत मात्र भाषेच्या अभ्यासकाने रेंगाळावे असे पुष्कळ आहे. झाकणाची कड सपाट आहे की नाही हे पाहण्यासाठी जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून तीवर झाकण आठाच्या आकड्यात फिरवितात; जेथे चमक येत नाही तो खळगा. कागदी पॅकिंग विकत न मिळाल्यास घरीच करतात. जाड कागद सांध्यावर धरून कडेने हलक्या हातोडीने ठोकीत जातात. धातूची धारच कागद कापते. याला 'पॅकिंग पाडणे' म्हणतात, जसे 'भोक पाडणे', 'आटे पाडणे'. तांब्याचा वायसर पुन्हा वापरावयाचा असल्यास तो विस्तवावर लाल करून पाण्यात टाकतात. पोलाद याने कठीण होते, तांबे मऊ राहते. तांबट हे पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले. जुन्या इंजिनांत क्रँकच्या टोकाशी ऑइल नेणाऱ्या वाटेवर बुचाची लहानशी चकती असते. ती वाळून आकसली की ऑइलचा दाब पडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ही चकती नवी घालण्यास विसरणाऱ्याचे पुढील सर्व काम व्यर्थ जाते.

क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पॅकिंग नसते. धातूवर धातू बसतो आणि मध्ये पातळ थर देतात. पूर्वी तो शेलॅकचा असे. या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'लाक्षा', त्यापासून 'लाख'. लाखेच्या बांगड्या आपणांस ठाऊक आहेत. हाच शब्द इंग्रजीत 'लॅक' झाला. पातळ कवचासारख्या पापुद्र्यांच्या लाखेस तेथे कवचवाचक 'शेल' जोडून 'शेलॅक' म्हणू लागले. आणि बाटलीत भरून तोच मद्रासच्या मोटारसायकलीबरोबर वर्ध्याच्या मिस्त्रीकडे आला. यादी करणारा अभ्यासक त्याची गणना इंग्रजी शब्दांत करील, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असेल!

'आटे' हा शब्दही सांगण्याजोगा आहे. स्क्रूच्या मळसूत्राचे पेड म्हणजे आटे. हिंदीच्या शेजारामुळे 'चुडी' हाही ऐकू येतो. अॅल्युमिनियममधील आटे लवकर जातात, आणि 'आटे गेले' म्हणजे स्क्रू कितीही फिरविला तरी आवळला जात नाही. पुष्कळ गळती एवढ्यावरच आधारलेली असते. बोल्ट प्रथम हाताने बसवितात, मग आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळतात. एकीकडून आवळत गेल्यास झाकण वाकते. शिकाऊ पोऱ्याला 'टाइट कर' असे सांगितले तर तो जोर लावतो. 'आवळून घे' असे सांगितले तर तो बेताने लावतो, असे एका वयस्क मिस्त्रीचे निरीक्षण होते. ते मी जसेच्या तसे नोंदवीत आहे. संयुक्त क्रियापदातील 'घेणे'चा अर्थ शिकविताना मला त्याचा उपयोग झाला आहे.

परिभाषेच्या प्रश्नाकडे वळल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण त्याचा इतिहास याच प्रदेशाशी निगडित आहे. डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवर उभारलेल्या परिभाषेचे मोठे काम स्वातंत्र्याच्या आगेमागे नागपूर येथे केले, तेव्हा वर्धा त्याच मध्यप्रांतात होते. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि विषयवार परिभाषाकोश निघू लागले. पिस्टनला 'दट्ट्या', वॉल्व्हला 'झडप', ल्युब्रिकंटला 'वंगण' हे शब्द शालेय पुस्तकांत चांगले रुळले आहेत. 'वंगण' तर बैलगाडीच्या आसापासूनचा अस्सल शब्द. तरीही गॅरेजने तो घेतला नाही. तेथे 'वंगण' गाडीच्या चाकाचे, 'तेल' स्वयंपाकाचे आणि डोक्याचे, आणि इंजिनाचे ते 'ऑइल'. तीन पदार्थ, तीन शब्द. व्यवहाराने केलेली ही वाटणी मोडून काढण्याचे कारण मला दिसत नाही. परिभाषेचा दोष तिने नामे घडविली यात नाही. पुस्तक लिहिताना नामे बदलली की भाषा बदलली असे समजण्यात आले, आणि क्रियापदे तशीच दुर्लक्षित राहिली, हा तो दोष. 'वंगणाची गळती होत असल्यास जोडपट्टी बदलावी' अशा घडणीचे वाक्य मराठीच आहे. परंतु त्यात पाझरणे नाही, झिरपणे नाही, खाणे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यासच भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योग आणि मातृभाषा यांच्याद्वारे शिक्षणाचा विचार मांडला होता. उद्योगाची म्हणून जी मातृभाषा असते ती कोणती, या प्रश्नाकडे त्यानंतरही आपण फारसे गेलो नाही.

आणि आता ही क्रियापदे मागे पडू लागली आहेत. तरुण मिस्त्री आणि त्याहूनही अधिक तरुण मालक 'लीकेज आहे' असे म्हणतात. 'लीकेज' हे नाम आहे. त्याला कर्ता नाही, दिशा नाही, थेंब की ओल हे सांगण्याची सोय नाही. 'लीकेज काढून द्या' असे सांगितले गेले, की पुष्कळदा सर्व सांध्यांवर सरसकट सिलिकॉनचा लेप चढविला जातो. हा लेप सांध्याच्या आतल्या बाजूसही फुगून येतो, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या बारीक वाटेत अडकतात. बाहेरची गळती थांबते आणि आत वंगणाविना बेरिंग जळते. हे शब्दामुळे घडते असे म्हणणे धाडसाचे होईल. नव्या गाड्यांची इंजिने क्वचितच गळतात, त्यामुळे सहा क्रियापदांची गरज ज्याला रोज पडावी असा मिस्त्रीच कमी होत आहे, हे कारण अधिक सरळ आहे. परंतु जुन्या बुलेटी रस्त्यावर अद्याप पुष्कळ आहेत, त्या नव्या हातांत जात आहेत, आणि निदानाची ही भाषा ज्यांच्या तोंडी आहे ती पिढी साठीच्या घरात आली आहे. तेव्हा ज्या विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्यासाठी विषय हवा आहे त्यांनी भागांची चित्रे दाखवून नावे विचारण्याऐवजी एखादे इंजिन खोलण्यापासून बांधण्यापर्यंत शेजारी बसून ऐकावे, आणि वाक्ये पूर्ण, कर्त्यासकट, टिपून घ्यावी.

असे बसणाऱ्यास एक क्रियापद अगदी शेवटी ऐकावयास मिळेल. इंजिन चढविल्यावर ते सुरू करून तापू देतात, पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळतात, थोडे अंतर चालवून आणून तेच परत करतात. मग रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवतात. सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला तर मिस्त्री 'लीकेज बंद झाले' असे म्हणत नाही. तो म्हणतो, "इंजनानं ऑइल धरलं." कर्ता पुन्हा इंजिन, या वेळी तृतीयेत, आणि क्रियापद 'सोडणे'च्या नेमके विरुद्ध. पुठ्ठ्यावर एखादा डाग असला तर हे वाक्य उच्चारले जात नाही आणि गाडी मालकास दिली जात नाही. पुठ्ठा उलटा करून आणखी एक रात्र तेथेच ठेवतात.